उकंडा, वागनेरचा

भाच्याच्या जातपडताळणीला पन्नासच्या आधीचा कागद पाहिजे होता.
कोतवाल बुकाची नक्कल निघाली चौथ्या खेपेला,
आणि हिंगणघाटच्या तहसिलीच्या पायरीवर उभी राहून
मी ती तीनदा वाचली.
आमचं आडनाव त्यात नव्हतंच.
लिहिलं होतं: उकंडा, वागनेरचा.
जात खाती. धंदा जिन.

आम्ही वाघनेरे.
वाघनेर नावाचं गाव होतं म्हणे वर्धेच्या पल्याड,
तिथं वाघ पाटलाच्या ओट्यावर येऊन बसायचा,
शेवटी गावच उठलं, वाघ तेवढा राहिला.
मोठेबाबा हे इतक्या खात्रीनं सांगत
की ओट्याची उंचीसुद्धा हातानं दाखवत.
मी सहावीत नकाशात शोधलं होतं.
अमळनेर सापडलं, जामनेर सापडलं,
आपलं नेर परसोपंत सापडलं.
वाघनेर नाही.
"धरणात गेलं असन," मोठेबाबा म्हणाले.
धरणात काय काय मावतं.

नक्कल घेऊन धोंडबाजीकडे गेले.
नव्वदीचा माणूस, ऐकू कमी,
पण आडनाव म्हटल्यावर खाटेवर उठून बसला.
"वाघ कायचा वं बाई? सायब होता.
जर्मनीचा. लाल मानेचा.
जिनात इंजिन बसवाले आला अन् इथंच राह्यला चार सालं.
तुह्या पणज्याच्या हाताले चाकाचा अंदाज होता,
त्यानं त्याले आपल्या हाताखाली घेतलं.
हजेरीचा मुनीम पुसे, हा कोनाचा?
लोक म्हनत, वागनेरचा.
झालं."

मग लढाई लागली.
शिपाई आले, साहेबाला नगरच्या छावणीत घेऊन गेले.
जाताना त्यानं उकंडाला एक पाना दिला,
तो आमच्याकडं अजून आहे,
आई त्यानं वरवंट्याखालची चटणी खरवडते.
साहेब गेला. हजेरीवहीत 'चा' राहिला.
पुढं कोण्या मास्तरानं दाखल्यावर 'चा' गाळला,
'रे' जोडला,
आणि 'ग' त्याला अशुद्ध वाटला असावा.
त्यानं 'घ' केला.
तेवढ्यानं वाघ जन्मला.

भाच्यानं मोबाइलवर शोधलं.
"आत्या, वागनर म्हंजे गाडी बनवनारा.
त्यायच्याकडं लाखो हायेत,
कुठं वेगनर, कुठं वेनर,
ज्या गावात जसं तोंड वळलं तसं."
मी त्याच्याकडं पाहत राहिले.
गाडी बनवणारा.
बाभळीचा तुंबा, आरे,
तापवून लाल केलेली धाव चाकावर चढवताना
पाण्याचा तो फस्स आवाज,
दमणी, रेंगी, खासर:
उकंडाचा बाप हेच करायचा.
त्या थंड मुलखात साहेबाचाही कुणी खापरपणजा
असाच धावेवर पाणी ओतत उभा असेल,
वाफेनं डोळे मिटून.
दोघांनीही गाडी सोडून इंजिन धरलं
आणि एकमेकांना सांगायची वेळच आली नाही,
भाषा फक्त पान्याची होती.

आता वाघनेऱ्यांची अकरा घरं.
सात गावात, दोन पांढरकवड्याला,
एक हिंगण्याच्या कारखान्यात, एक पुण्याला,
तिथं लोक त्याला विचारतात, तुमच्याकडं खूप वाघ का?
तो हो म्हणतो.
मी बारावी. पण मी मोजणीत नाही,
मी लग्नानंतर उमाटे.
उमाटेचा अर्थ मला आजवर कोणी विचारला नाही,
मीही नाही.

काकू म्हणाली, "पोराले काई सांगू नोको.
वाघच राहू दे."
पण समितीला वाघ चालत नाही.
प्रतिज्ञापत्र करावं लागलं:
उकंडा वागनेरचा आणि उकंडा वाघनेरे
ही एकाच व्यक्तीची नावे आहेत.
टाइप करणाऱ्यानं मान वर न करता विचारलं,
"बदलाचं कारण?"
भाऊ माझ्याकडं पाहू लागला.
माझ्या डोळ्यापुढं छावणी, मुनीम, तो 'घ',
ओट्यावरचा वाघ,
चटणीचा वास लागलेला पाना.
"लिहा," मी म्हटलं, "लेखनातील चूक."

भावानं सही केली.
खाली साक्षीदार म्हणून मी.
सौ. उमाटे.