कोंढाळीच्या पुढे

लायसन्स माझं, बंदूक पाठराबे डॉक्टरांची,
आणि डोळे सोमा धुर्वेचे.
साल बासष्ट, वैशाख.
नाला नुसता दगडांचा,
सागाची पानं पापडासारखी वाळून पडलेली:
पाऊल टाकलं की अख्ख्या रानाला सांगावा.
"जोडे काढा जी," सोमा म्हणाला,
"रान कानानं पाह्यते."

तीन सकाळी हात हलवत परतलो.
चौथीला त्यानं चुलीतली राख चिमटीतून सोडली,
ती आमच्याच तोंडावर आली.
तो हसला.

डोहात पाणी परातीएवढं.
सांबर उतरलं.
आधी शिंगं, मग उन्हाचा एक तुकडा,
मग मान, खाली, आणखी खाली.
ओठ पाण्याला लागायला
बोटभर अंतर असेल.
मी थांबलो नाही.

एकच गोळी.
आयुष्यात इतकं नेमकं मला पुन्हा काही जमलं नाही.

मी ओरडणार होतो काहीतरी.
सोमानं ओंजळ भरली,
माझ्याकडे न पाहता
त्या उघड्या तोंडात ओतली.
"तान लागली म्हून आलता.
तसाच धाडाचा का?"

मग कुऱ्हाड, पळसाची पानं,
सतरा घरांचे सतरा वाटे,
एक जास्तीचा, बाळंतिणीच्या घरी.
शिंगं मला.

नागपुरात, धरमपेठेतल्या बैठकीत,
आठवड्यातच हिनं त्यांना भाजीच्या पिशव्या अडकवल्या.
मी काही बोललो नाही.

आता मे महिन्यात रात्री
कूलरमध्ये बादली ओततो,
थोडं सांडतंच.
त्या भिंतीकडे
पाठ करून ओततो.