बर्फाची जाडी

रात्री बारानंतर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही.
गुनवोर तशीही काही मागत नव्हती,
तेव्हा नियम पाळणं आम्हाला जड गेलं नाही.

लुलेओच्या खाडीवर मी बर्फ मोजतो.
समुद्र गोठला की ड्रिल घेऊन निघायचं, भोक पाडायचं,
पट्टी सोडायची, आकडा वहीत.
दहा सेंटिमीटरला माणूस, तिसाला मोटार,
साठ भरलं की पावाचा ट्रकसुद्धा बेटावर जातो.
माझ्या सहीशिवाय रस्ता उघडत नाही.

तिच्या फॉर्मवर सही तिची होती.
पार्सल घेताना करतात तशी, न वाचता.
मी तो तीनदा वाचला.

अडीच वर्षं. पाच तऱ्हेच्या गोळ्या.
डॉक्टर राहिकाइनेन म्हणाल्या,
सिनेमात जे पाहिलं असेल ते विसरा.
मी म्हटलं, विसरण्याचंच विचारायचं होतं.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या,
काही जातं. बरंचसं परत येतं.
सगळं येईल असं मी सांगणार नाही.
बर्फाबद्दल मीही लोकांशी असंच बोलतो,
म्हणून विश्वास बसला.

सोमवार, बुधवार, शुक्रवार.
नर्स इल्वानं मला सांगितलं आत काय होतं ते:
भूल, दातांमध्ये रबर,
आणि उजव्या घोट्यावर करकचून पट्टा,
स्नायू सैल करणारं औषध त्या पावलात उतरू नये म्हणून.
बाकी देह निजलेला. ते एक पाऊल थरथरतं.
त्यावरून कळतं, झालं.
अडतीस सेकंद, ती म्हणाली, छान होतं.
बाहेर कॉफीच्या यंत्राजवळ मी विचार करत राहिलो,
ते पाऊल मला बघायला मिळालं असतं तर.

उठल्यावर विचारतात: नाव? वार? गाव?
नाव बरोबर. वार चूक.
गाव बोडेन, जिथून ती एकोणिसाव्या वर्षी निघाली.
मी कोण, हे मात्र तिनं लगेच सांगितलं,
थोडं वैतागून.

सातव्या वेळी, बुधवारी, परतताना गाडीत म्हणाली,
हाल्वार, तुझ्या कोटाला डिझेलचा वास मारतोय.
मी गाडी कडेला घेतली.
अडीच वर्षांत तिला कसलाच वास आला नव्हता.

घरी येऊन तिनं बूट काढले
आणि हाक मारली, ल्युर!
पुन्हा मारली, जरा मोठ्यानं.
ल्युर ऑक्टोबरात गेला होता.
मी खणत होतो तेव्हा ती खिडकीत होती.
आत आलो तर एवढंच म्हणाली, झालं?
आणि भिंतीकडे वळून झोपली.

मी सांगितलं.
ती दाराशी खाली बसली, एक बूट हातात,
आणि रडली. नाक गळेपर्यंत, पोरासारखी,
शेजारच्या कुरकुऱ्या लुंडमार्कनं भिंत ठोकेपर्यंत.
मला जो आनंद झाला तो कुणाला सांगण्यासारखा नाही.

शुक्रवारी आठवी वेळ.
घरी आल्यावर पुन्हा, ल्युर!
मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा रडली.
या वेळी आनंद नव्हता.

गोटलँडची आमची सहल गेली ती गेलीच.
फोटो दाखवतो. ती शेवटपर्यंत बघते,
पाहुण्यांच्या घरचे बघावेत तसे, सभ्यपणे,
आणि विचारते, ऊन होतं का खूप?

काल बर्फावर वही उघडली.
खांब चौदा, एक्केचाळीस, असं लिहायला गेलो
तर आधीच्या पानावर तिचं तिरपं अक्षर:
ल्युर गेला. ऑक्टोबर. सफरचंदाच्या झाडाखाली.
रडून झालंय.
हाल्वारला परत विचारायचं नाही.

खाली, दुसऱ्या शाईत:
चिमटे आणायचे. मीठही.

वारा पान उलटवत होता.
मी हातमोजा काढून ते दाबून धरलं,
बोटं बधिर होईपर्यंत.
मग चौदाव्या खांबाचं माप
पुन्हा एकदा घेतलं.