वरच्या दोन तारा

दांडा तारेवरून निसटला
की नाझिब्रोला ब्रेक लावून उतरायची,
जाड हातमोजे चढवायची,
मागचा दोर ओढून त्याला पुन्हा तारेवर बसवायची,
त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.
आत कुणी घड्याळ बघायचं नाही.
त्बिलिसीत उशीर हा हवामानाचाच भाग होता.

आई तिची सांगायची: पहिली ट्रॉलीबस आली
तेव्हा लोक वाकून चाकांखाली रूळ शोधत होते.
मग तारा निघाल्या वाकेकडे, साबुर्तालोकडे,
दिघोमीच्या माळावर इमारतींआधी तार पोचली.
नुसते खांब, चिखलात उभे,
आणि लोक म्हणाले, चला, घर मिळणार.

सहा आकडी तिकीट. पहिल्या तिघांची बेरीज
शेवटच्या तिघांएवढी भरली तर ते नशिबाचं,
चावून गिळायचं.
परीक्षेच्या दिवसांत पोरं पोटभर तिकिटं खायची.

मग तो हिवाळा.
वीज गेली ती चढावर, मधोमध.
लोक उतरले, बर्फातून पिशव्या सांभाळत गेले.
एक म्हातारा बसून राहिला.
"माझा थांबा पुढचा," म्हणाला.
काळोख पडेपर्यंत बसला होता.
नाझिब्रोलाही.

गाडी तिथंच, नऊ आठवडे.
आधी सीटच्या गाद्या गेल्या, मग काचा,
मग कुणीतरी हॉर्नसुद्धा नेला,
कुणाला बाजूला हो म्हणायचं होतं कोण जाणे.
आणि एका रात्री तारा.
तांब्याला भाव होता.

जुम्बेरने कापल्या.
तीस वर्षं शिडीवर उभं राहून त्यानेच ताणलेल्या,
कुठला सांधा कच्चा ते त्यालाच ठाऊक.
सकाळी तिच्या दारात आला, हातात गरम पाव.
त्यांच्या भाषेत पावाला पुरी म्हणतात.
कुठून आणलीस, तिने विचारलं नाही.
दोघांनी उंबऱ्यातच उभ्याउभ्या खाल्ली.
त्याची बोटं हिरवट झाली होती.

पुढे वीज परतली. चार-दोन मार्ग
लंगडत काही वर्षं चालले.
मग तेही नाहीत. डेपोला कुलूप,
कुलपाला गंज, इतकंच.

जुन्या भिंतींत तारांच्या कड्या अजून आहेत,
एकीला कुणी कपडे वाळत घालायची दोरी बांधलीय.
नाझिब्रोला रस्ता ओलांडताना
आधी वर बघते, मग डावीकडे.

परवा कोटाच्या अस्तरात तिकीट सापडलं.
४१८५५४.
तेरा. चौदा.
एकाने हुकलंय.
चष्मा पुसून तिने पुन्हा मोजलं,
आणि परत अस्तरात सरकवलं.