तारेखालची रांग

कोन्याच्या पठारावर गहू उगवायचा
कानकोंडा होऊन.
महिनाभराचा झाला की पानाच्या मधोमध
पिवळट डाग, मग तपकिरी,
मग पान तिथंच मोडायचं, कंबरेत.

रिफ्कीकाका म्हणाले, थंडीनं.
त्यांचा भाऊ म्हणाला, नजर लागली.
सरकारी माणूस म्हणाला, नत्र टाका.
नत्र टाकलं. डाग आले.
स्फुरद टाकलं.
जास्तच आले.

मी प्रयोगशाळेतली. बाटल्या विसळायचं काम माझं.
आम्लानं तीनदा, शुद्ध पाण्यानं चारदा,
कारण आम्ही जे शोधत होतो
ते माझ्या अंगठीतून पडू शकत होतं,
तोंडाच्या पावडरीतून,
रबरी मोज्यांच्या भुकटीतून.
नुर्जिहानबाई म्हणायच्या,
इथं घाण म्हणजे माती नव्हे, सेव्ताप.
घाण म्हणजे आपण.

आकडा आला: दहा लाखांत शून्य पूर्णांक एक दशांश.
म्हणजे किती, गावानं विचारलं, चहा ढवळत.
मी म्हणाले, गव्हाचं अख्खं पोतं घ्या.
त्यातला एक दाणा उचला. त्याचे दहा तुकडे करा.
त्यातला एक.
सगळे हसले. एवढ्याशासाठी रुसतो होय गहू?
बाई हसल्या नाहीत.
नाही असं नाही, म्हणाल्या, जस्त आहे खाली, हवं तेवढं.
पण चुनखडी हातचं सोडत नाही.
रिफ्कीकाकांनी चमचा बशीत ठेवला.
माझ्या सासऱ्यासारखी, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नमुने घेत घेत
आम्ही कब्रस्तानाच्या कडेला पोचलो.
कुणाच्या तरी मुलानं जर्मनीहून पैसे पाठवले होते,
तीन वर्षांपूर्वी, कुंपणाला.
तार अजून चकचकीत.
आणि तिच्या बरोबर खाली
हातभर रुंद, पट्टी धरून आखावी तशी
गव्हाची एक हिरवीगार रांग.
बाकी शेत आजाऱ्यासारखं, ती मात्र पोटरीत आलेली.

गावाला ठाऊक होतं.
ती आतल्यांची दुवा, काका म्हणाले,
आम्ही तिला विळा लावत नाही.

बाई गुडघ्यांवर बसल्या.
बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग तारेवरून बोट फिरवलं, ओलं झालं,
आणि ते ओलं बोट त्यांनी मला दाखवलं, नुसतं.
रात्रीचं दव तारेवरून उतरतं,
उतरताना थोडी तार घेऊन येतं.

नमुना हवा होता.
घ्या, काका म्हणाले, पण एक ओंबी आत टाका.
टाकली.

पुढचं तुम्ही कुठल्याही अहवालात वाचाल.
पांढरं मीठ, पाठीवरचा पंप, चार पट्टे, खुंट्या.
एका पट्ट्याला काहीच नाही, त्या पट्ट्यावर सगळ्यांचा राग.
कापणीला काका स्वतः तागडी धरून उभे,
आकडा मला दोनदा लिहायला लावला.
त्यांचा नातू तायफुन, चौदाचा, दिसायला दहाचा,
पोत्यावर चढून बसला होता.
बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या, पोत्याकडे नाही.
गहू खाल्ला की गव्हात नसलेलंही खावं लागतं,
परतताना गाडीत म्हणाल्या,
आणि काच वर केली.

याला आता सतरा वर्षं झाली.
बाई निवृत्त झाल्या, समुद्राकडे गेल्या.
रिफ्कीकाका कुंपणाच्या आत आहेत,
कोपऱ्यात, जर्दाळूच्या झाडाशी.
सगळं पठार फवारतं आता, खताच्या गोणीवरच जस्त छापलेलं असतं.
एक तारेखालची रांग तेवढी पिवळी पडायला लागली.
तार गंजली. जस्त धुऊन गेलं, लोखंड उघडं पडलं.
दुवा आहे ना, कोण कशाला खत घालेल.

म्हणून मार्चमध्ये एकदा मी जाते.
अंगठी घरी काढून ठेवते, सवयीनं.
पाठीवर पंप घेऊन
त्या हातभर पट्ट्यावरून चालते, कडेकडेनं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
कुणी विचारलंच तर सांगते,
प्रयोग चालू आहे.