साचा

इरेकने ते खेळाचं यंत्र आणलं तेव्हा मी म्हटलं,
सव्वीस वर्षांचा घोडा झालास.
तो म्हणाला, आई, हा कॉम्प्युटर आहे,
फक्त त्याला अजून कोणी तसं सांगितलेलं नाही.

मग जानेवारीभर सांगत बसला.
वूच शहरात तेव्हा चारलाच अंधार पडतो.
चौथ्या मजल्यावर रेडिएटरवर मोजे,
मोज्यांशेजारी ते काळं धूड,
आणि त्याचा पंखा माझ्या झोपेत शिरलेला.

लिनक्स चढलं. पडदा उजळला.
इरेकने माऊसने एक खिडकी धरली, डावीकडे ओढली.
आली ती,
पण तुकड्यातुकड्यांनी, मागे स्वतःचेच डाग सांडत,
ओल्या फरशीवरून लंगड्याने चालावं तशी.
हत्ती गेला नि शेपूट अडकलं, मी म्हटलं.
तो हसला नाही.

बीटाच्या सूपवर त्याने मला समजावलं:
आत एक चितारी बसलाय,
डोळ्याचं पातं लवेस्तोवर लाखो ठिपके रंगवणारा.
पण दारात पहारेकरी.
खेळ आले की दार उघडतो,
आपण गेलो की पाटी देतो हातात, म्हणतो,
काढा तुमचे तुम्ही, एकेक ठिपका.
चितारी रिकामा. त्याच्या रंगांच्या कोठीत
आम्ही आमची न मावणारी स्मृती रचून ठेवतो,
बाथटबात बटाटे ठेवतात ना, तशी.

चितारी मला तितकासा कळला नाही.
पहारेकरी कळला.
एकतीस वर्षं मी सहा साचे सांभाळले,
आणि एकतीस वर्षं सुटताना फाटकावर पर्स उघडून दाखवली,
आमच्याच हातचं कापड आमच्याबरोबर घरी तर येत नाही ना.
फाटक तसंच आहे. आत आता सिनेमा आणि बुटांची दुकानं.
पोरगेला पहारेकरी मला "या, मॅडम" म्हणतो.

मार्चमध्ये फिनलंडमधल्या कुणा वाइनोने इरेकला कळवलं,
पहारेकऱ्याच्या वहीत एक रकाना कोरा आहे.
तीन रात्री. सिगारेटी. उपाशी मांजर.
चौथ्या पहाटे त्याने मला हाक मारली,
लहानपणी ताप उतरल्यावर मारायचा, तशी.
माऊस माझ्या हातात दिला.

मी ओढली.
खिडकी सरकली,
साच्यावरून मांजरपाट उतरावं तशी,
सबंध, न अडखळता, कडेला एक दोरा लोंबत नाही.
मी मागे घेतली. पुन्हा सोडली.
चपला घालायच्या राहिल्या होत्या, पाय गार पडले,
तरी ओढत राहिले.

महिन्याभरात यंत्राने स्वतःच विचारलं,
नवी आवृत्ती घ्यायची का?
घेतली तर कोरा रकाना भरला जाणार.
नाही घेतली तर शनिवारचा फुटबॉल बंद,
यारेमा नि बाकीची पोरं पलीकडे खेळणार, हा इकडे.
इरेक बराच वेळ बसला. मी मध्ये बोलले नाही.
मग त्याने इंटरनेटची वायर काढली,
गुंडाळून फडताळात ठेवली, मिठाच्या डब्यामागे.

आता शनिवारी तो लवकर झोपतो.
मी उठून ते धूड चालू करते,
एक खिडकी उजवीकडे, एक डावीकडे,
सूत तुटलंय का बघते.