एक दात

आईने माझं नेलपॉलिश मागितलं
तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी लग्नाला निघाली.
निघाली होती गॅरेजकडे,
अंगात मामाचा जुना डगला, हातात जॅक,
खिशात माझी पांढरी बाटली.

लिएपायातला मार्च म्हणजे समुद्राकडचा वारा
आणि पत्र्याच्या गॅरेजांची लांब रांग,
दर दाराची कुरकुर वेगळी.
आमचं सतरावं.
आत पासाट, माझ्याहून दोन वर्षांनी थोरली.

"मेकॅनिक दोनशे मागतो," आई म्हणाली,
आणि पुढे काही म्हणाली नाही.
त्या हिवाळ्यात इस्पितळाने नर्सांचे पगार कापले होते,
दोनशे हा आकडा आमच्या घरात
कुणी मोठ्याने उच्चारत नसे.

मी दिवा धरायचा. तेवढंही धड जमेना.
"माझ्या डोळ्यांत नको, इंजिनात."
चाक निघालं, खालचं प्लास्टिक निघालं,
एक बोल्ट मात्र रुसलेल्या जावयासारखा गच्च बसलेला.
त्याला तिने तेल पाजलं, दहा मिनिटं दिली,
आम्ही काळा पाव खाल्ला उभ्याउभ्या.
मग हलला.

मग पट्ट्यावरचं झाकण.
त्याच्या आतल्या अंगाला मार्करने लिहिलेलं:
एक लाख ब्याऐंशी हजार. गुंटार्स.
आणि खाली, घाईत: पुढच्या वेळीही मीच.

मामा आयर्लंडमध्ये अळंबी खुडतो,
रात्रपाळीला, बिनखिडकीच्या शेडमध्ये.
आई वाचत राहिली. मी दिवा हलवला नाही.
नंतर तिने झाकण टेकवून ठेवलं,
अक्षरं भिंतीकडे.

वरच्या पुलीला एक ठिपका, खालच्या पुलीला एक,
इंजिनावरच्या खुणांसमोर.
वर झडपा उघडतात, मिटतात,
खालून पिस्टन येतो, जातो,
दोघांची जागा एकच, वेळ वेगळी,
आणि ती वेळ सांभाळतो हा रबराचा दातेरी पट्टा.
"आणि तुटला तर?"
"तर भेटतात," आई म्हणाली.

जुना पट्टा हातात घेतला तर
भेगाळलेला, अगदी हलका.
नवा चढवला, टेन्शनर ताणला,
क्रँकच्या बोल्टला पान्हा लावून
तिने इंजिन हाताने फिरवलं, सावकाश, दोन पूर्ण फेरे.
खालचा ठिपका खुणेवर आला.
वरचा एक दात पुढे.
माझ्या करंगळीच्या नखाएवढा.

एकोणिसाव्या गॅरेजचे विल्निस डोकावले:
"एका दाताने काय बिघडतंय?"
त्यांच्या पुढच्या तीन दातांची जागा रिकामी.
"तुमचं नाही बिघडलं," आई म्हणाली,
आणि टेन्शनर सैल करायला घेतला.

मी चिडले. बोटं गारठली होती, दिव्याची बॅटरी पिवळी पडत होती.
मधेच तिने फोन काढला, मामाच्या नावापर्यंत गेली.
तिथे दोन तास मागे. तो आत्ता उठत असेल.
थोडा वेळ थांबली,
फोन पुसला, खिशात ठेवला,
आणि पट्टा पुन्हा खालच्या पुलीपासून चढवत आणला,
थेंब मोजते तसे दात मोजत,
ओठ न हलवता.
मी मात्र ओठ हलवून मोजत होते.

पुन्हा दोन फेरे.
या वेळी दोघींनी एकदमच श्वास सोडला
आणि दोघींनीही तसं दाखवलं नाही.

गाडी सुरू झाली नेहमीसारखी.
मला काहीतरी जास्त हवं होतं, आवाज तरी वेगळा.
विल्निसनी टोपी काढली, परत घातली.

ते सगळं झाकण बसवल्यावर, खरं तर.
बसवण्याआधी तिने बाटली हलवली
आणि मामाच्या ओळीखाली आकडा लिहिला,
दोन लाख एकाहत्तर हजार.
नाव नाही. पुढच्या वेळेचंही काही नाही.

नेलपॉलिश मला परत मिळालं,
ब्रशला इंजिनाचं काळं तेल.
त्या उन्हाळ्यात माझी नखं करड्या रंगाची होती
आणि शाळेत मुली विचारायच्या,
ही शेड कुठे मिळते.