पट्टी काढताना

ओमानात सूर नावाचं गाव आहे.
आईला वाटलं, गाणाऱ्यांचं असेल.
इथे गलबतं बांधायचे. आता खाडीत
ओहोटीला कलंडलेले दोन सांगाडे, आणि बकऱ्या.

मी डोळ्यांच्या वॉर्डात. सकाळी साडेसातला पट्ट्या काढायच्या,
थेंब घालायचे, बोटं किती ते विचारायचं.

उस्ताद खलफान, वय एकोणऐंशी, जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलेले.
मोतीबिंदू इतका पिकलेला
की बायको कळायची ती बांगड्यांवरून.
पट्टी काढली.
बोटं मोजलीच नाहीत त्यांनी.
खिडकीकडे बघत म्हणाले, "दहशा."
आणि परत, हळू, "दहशा."

माझ्या हातातला ट्रे वाजला.
कशाची भीती वाटतेय, मी विचारलं.
भीती? हसले.
अगं, निळा आहे. समुद्र निळा असतो, मी विसरलो होतो.
भीतीला आमच्यात दुसरा शब्द.
दहशा म्हणजे तोंड उघडं राहणं.

तोंड आमचंही उघडं राहायचं.
फाटकाची कडी वाजली की घास तसाच गालात.
शेजारी म्हणायचे, दादांची काय दहशत आहे हो घरात,
आणि म्हणायचे कौतुकाने.
आमच्याकडे दहशत बसते.
बसली की उठत नाही.
धाकटी धास्ती म्हणायची. मला वाटतं शब्द तोच,
रोज वापरून झिजलेला.

सांगितलं हे सगळं उस्तादांना, माझ्या मोडक्या अरबीत.
ते म्हणाले, आम्ही धड दिला होता.
वाटेत इराण लागतं, तिथे विचारा.

मग वडिलांचं नाव सांगितलं, हैबतराव.
ते सावरून बसले. हैबा! वा.
थोर माणूस आत आला की सभा आपोआप उभी राहते, ती हैबा.
आम्हीही उभ्या राहायचो, म्हटलं. भिंतीला पाठ लावून.
यावर त्यांनी काही व्याकरण सांगितलं नाही.
मान मागे टाकली, मी थेंब घातले.

शुक्रवारी घरचा व्हिडिओ कॉल.
दादा फोन नाकाशी धरतात.
पडदाभर एकच डोळा,
बाहुलीवर दुधाची साय.
"कोण? थोरली की धाकटी?"

मी लगेच बोलले नाही.
तीन बोटं धरली कॅमेऱ्यासमोर.
किती, विचारलं.

ते मोजत राहिले.
कडी कुठेच वाजली नव्हती,
तरी माझ्या गालात घास.